पहिला फोन कोणी उचलायचा: डॉक्टरने की सिस्टरने?

साथीच्या दिवसांत पेशंटला आधी फोनवर चाळून घ्यावं, म्हणजे कोणाला लगेच बघायचं ते फोनवरच ठरवावं, यावर आता फारसं दुमत नाही. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोनवरून पेशंट बघायचे नियम आले आणि वाट मोकळी झाली. छोट्या दवाखान्यात अडतं ते पुढे: तो पहिला फोन घ्यायचा कोणी? मी दोन्ही करून पाहिलंय, कोविडच्या पहिल्या लाटेत स्वतः आणि दुसरीत अर्ध्यातून सिस्टरकडे देऊन.

डॉक्टरने घेतला तर एका फोनमध्ये निकाल लागतो, हे खरंच मोठं सुख आहे. जुना पेशंट वाक्य अर्ध्यावर तोडून श्वास घेतो, ते माझ्या कानाला लगेच कळतं. सिस्टरने घेतला की बरेच जण म्हणतात, "डॉक्टरसाहेबांशीच बोलतो ना." इंग्लंडमधल्या ४२ दवाखान्यांचा अभ्यास २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. फोनवर चाळणी लावल्यावर पुढच्या २८ दिवसांतले संपर्क, चाळणी डॉक्टरने लावली तर ३३ टक्क्यांनी वाढले, नर्सने लावली तर ४८ टक्क्यांनी. म्हणजे काम कमी होत नाही, पुढे सरकतं. पण तो अभ्यास साध्या दिवसांचा होता. साथीत मला संपर्क कमी करायचे नव्हते, बाकड्यावर खोकणाऱ्यांची गर्दी कमी करायची होती.

माझा निर्णय झाला तो एप्रिल २०२१ मध्ये. माझा नंबर नागपूरच्या साऱ्या मानेवाड्यात फिरला होता. पुण्याहून एक मुलगा इथल्या आईवडिलांचे रिपोर्ट वाचून दाखवत होता, वीस मिनिटं. त्याच वेळी गल्लीतलेच एक काका फोन लावत होते. शेवटी काकांच्या मुलाने त्यांना स्कूटरवर मधे बसवून आणलं. ऑक्सिजन ८६. "डॉक्टरसाहेब, फोन काऊन लागत नव्हता?" मोबाइलवर त्यांचे अकरा मिस्ड कॉल होते. काका वाचले, पण तो आकडा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हापासून फोन सिस्टरकडे. तिच्यापुढे एकच कागद: ताप किती दिवस, शुगर-बीपी आहे का, ऑक्सिजन किती, सहा मिनिटं चालून आल्यावर किती. ९३ च्या खाली, किंवा चालून तीनपेक्षा जास्त उतरला, तर मला हातातलं काम सोडून उठवायचं. बाकीच्यांना तासाभरात मी फोन करतो. बोलायचं मात्र पेशंटशीच, नातेवाइकाशी नाही. बोटाला मेंदी किंवा नेलपेंट असली तर ऑक्सिजनचा आकडा चुकू शकतो; ती आहे का, हे विचारायला सिस्टर स्वतःच शिकली. मी कधीच विचारलं नव्हतं.

दिवसाला दहा-पंधराच फोन येत असतील तर डॉक्टरने स्वतः घ्यावेत, माझी हरकत नाही. त्याहून जास्त असतील तर मी सिस्टरच म्हणेन. आणि सिम दोन घ्या. एक फोन घ्यायला, दुसरं फक्त बाहेर लावायला. त्या दुसऱ्याचा नंबर पाटीवर लिहू नका, चिठ्ठीवर छापू नका.