अॅनल्स की डिस्क्रीट अॅनालिसिस?

शुद्ध गणितातली ही दोन नियतकालिकं शेजारी ठेवली की पहिला फरक वयाचा. ‘अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ 1884 पासूनचं, ‘डिस्क्रीट अॅनालिसिस’ 2016 मधलं.

अॅनल्सला विषयाचं कुंपण नाही. संख्या सिद्धांत, बैजिक भूमिती, टोपॉलॉजी, काहीही चालतं. निकाल मात्र तोलामोलाचा हवा. फर्माच्या प्रमेयाची वाइल्सची सिद्धता 1995 मध्ये इथेच आली. तपासणीला किती वेळ लागेल, याचा नेम नाही. केप्लरच्या अनुमानाची (सारखे गोळे जास्तीत जास्त दाट कसे रचता येतात, याबद्दलचं) हेल्सची सिद्धता 1998 मध्ये दाखल झाली आणि 2005 मध्ये छापली गेली. उलट झांगचा मूळ संख्यांमधल्या अंतरांवरचा लेख 2013 मध्ये काही आठवड्यांतच स्वीकारला गेला! कॉम्बिनेटोरिक्सलाही (मोजणी आणि रचनांचं गणित) आता इथे मानाचं पान मिळतं: कॅप सेटवरचा (कोणतेही तीन बिंदू एका रेषेत नसलेले संच) 2017 चा लेख जेमतेम पाच पानांचा आहे.

डिस्क्रीट अॅनालिसिसचा पट्टा अरुंद: बेरजी कॉम्बिनेटोरिक्स (संख्यांच्या संचांमधल्या बेरजांची रचना), हार्मोनिक विश्लेषण (फलनांची लहरींमध्ये फोड) आणि आसपासचं. लेख अर्काइव्हवरच (arXiv, संशोधन लेखांचं मोफत ऑनलाइन भांडार) राहतो. नियतकालिक परीक्षण करून दुवा देतं, सोबत संपादकीय प्रस्तावना जोडतं. लेखकाला शुल्क नाही, वाचकालाही नाही. एर्डोशच्या विसंगती प्रश्नावरचा (+1 आणि −1 च्या क्रमांतल्या असमतोलाबद्दलचा) टाओचा लेख इथलाच.

मला ती प्रस्तावना फार आवडते. लेखात नवं काय आणि अवघड काय, हे दोन परिच्छेदांत कळतं. अॅनल्समध्ये ते आपलं आपण शोधायचं. पण नोकरीच्या अर्जावर अॅनल्सचं नाव दिसलं की निवड समिती सरसावून बसते, हेही खरंच. तरीही बेरजी कॉम्बिनेटोरिक्सवाल्याला मी लेख आधी डिस्क्रीट अॅनालिसिसकडेच पाठवायला सांगेन.