झेब्राफिशच्या पिल्लांसाठी अंबडमध्ये बनलेली निरीक्षणपेटी: उजेड चोख, तापमान मात्र सांभाळावं लागतं

औषधाने वागणूक कशी बदलते हे झेब्राफिश या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या माशाच्या ५ ते ७ दिवसांच्या पिल्लांवर पाहायचं, तर अंधार-उजेड करता येणारी बंद पेटी लागतेच. परदेशी तयार यंत्रणा लाखांत जाते. त्या मानाने अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपने बनवलेली ही पेटी नाशिकच्या फार्मसी कॉलेजांना सहज परवडेल. पावडर कोटिंग केलेल्या पत्र्याचा काळा डबा, तळाला पांढऱ्या आणि इन्फ्रारेड एलईडी, वर दुधी ॲक्रिलिक, ९६ वेलची (म्हणजे छोट्या खळग्यांची) प्लेट बसेल अशी खाच आणि छताला कॅमेऱ्यासाठी भोक. कॅमेरा आणि लॅपटॉप आपला.

पेटीची खरी कमाई उजेडात आहे. एलईडी आणि दुधी ॲक्रिलिक यांच्यात पुरेसं अंतर सोडल्यामुळे कोपऱ्यातली वेलही मधल्या वेलइतकीच उजळ दिसते. पिल्लू जेमतेम ४ मिलिमीटरचं आणि जवळजवळ पारदर्शक. सॉफ्टवेअरला दिसतात ते त्याचे दोन काळे डोळे आणि फुगलेली वाताशयाची पिशवी. पार्श्वभूमी डागाळलेली असेल तर सॉफ्टवेअर डोळे सोडून वेलच्या कडेची सावली पकडतं आणि निपचित पडलेलं पिल्लूही ‘पोहलं’ असं नोंदवतं. गोल वेलमध्ये पाणी कडेला चढतं, म्हणून चौकोनी वेलची प्लेट घ्यावी. कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढलेला हवा, नाहीतर अंधारात पडदा काळाच राहतो. सेकंदाला २५ ते ३० फ्रेम पुरतात. बोन्साय हे मोफत सॉफ्टवेअर व्यवस्थित चालतं.

पांढऱ्या दिव्याचा डिमर मात्र बदलून घ्या. तो दिवा भराभर चालू-बंद करून उजेड कमी करतो, त्यामुळे चित्रणात आडवे पट्टे सरकतात. स्थिर करंटचा ड्रायव्हर लावला की प्रश्न मिटतो.

आता मोठी उणीव. झेब्राफिशचं प्रमाण तापमान २८.५ अंश सेल्सिअस. एलईडीच्या पट्ट्या तापल्या की प्लेटमधलं पाणी हळूहळू गरम होतं, पिल्लांची हालचाल वाढते आणि ती वाढ औषधाच्या नावावर जमा होते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या सकाळी उलटं घडतं: खोली गार, पिल्लं मंद, आणि साधं पाणीही गुंगीच्या औषधासारखं दिसायला लागतं. पेटीवर दिसणारा तापमानाचा आकडा हवेचा आहे, पाण्याचा नाही. बारीक प्रोब रिकाम्या वेलच्या पाण्यात बुडवूनच तापमान मोजा. पट्ट्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवल्या की उष्णता पसरते. सोबत दिलेला पंखा डब्यालाच स्क्रूने बसवलाय, ही चूक आहे. त्याची थरथर प्लेटपर्यंत पोचते आणि पिल्लू दचकून इंग्रजी ‘सी’सारखं वाकतं. पंखा वेगळ्या स्टँडवर ठेवा.

वापर असा करा. प्रत्येक वेलमध्ये एक पिल्लू आणि १५० मायक्रोलिटर ई-थ्री माध्यम (पिल्लं ठेवायचं क्षारयुक्त पाणी). त्यावर दुप्पट तीव्रतेचं औषध तितकंच घाला. पिल्लासोबत ड्रॉपरमधून जास्तीचं पाणी आलं तर मात्रा पातळ होते, म्हणून हे माप काटेकोर हवं. डीएमएसओ (औषध विरघळवणारा द्रव) अंतिम मिश्रणात ०.१ टक्का ठेवा आणि तेवढंच डीएमएसओ घातलेली, पण औषध न दिलेली नियंत्रण पिल्लं तुलनेसाठी प्रत्येक प्लेटवर, वेगवेगळ्या रांगांत विखरून ठेवा. एकाच कडेच्या रांगेत ठेवली तर बाष्पीभवनाचा फरक औषधाचा वाटतो. अर्धा तास पेटीत स्थिरावू द्या, मग १० मिनिटं उजेड, १० मिनिटं अंधार, असं तीनदा. निरोगी पिल्लं अंधार होताच जोरात फिरतात. हा उसळीचा टप्पा दिसला नाही तर ती प्लेट बाद समजा. सकाळी हालचाल स्थिर नसते, म्हणून चाचणी दुपारी, आणि रोज त्याच वेळेला.

पेटी नीट काम करते का हे तपासायला पेंटिलीनटेट्राझोल हे झटके आणणारं रसायन चांगलं: ५ मिलिमोलरसाठी १० मिलिलिटरमध्ये ६.९ मिलिग्रॅम. दुप्पट तीव्रतेचं द्रावण करताना अर्थातच १३.८ मिलिग्रॅम. पिल्लं आधी सैरभैर धावतात, मग भोवऱ्यासारखी गरगरतात. आलेखावर ही वाढ दिसली नाही तर आधी सॉफ्टवेअरमध्ये हालचाल ओळखण्यासाठी ठरवलेली मर्यादा तपासा, नंतर औषध.

हालचाल घटली म्हणजे औषध शांत करतं, असा निष्कर्ष लगेच काढू नका. चाचणीनंतर बारीक सुईने शेपटीला स्पर्श करा आणि सूक्ष्मदर्शकाखाली हृदयाचे ठोके बघा. स्पर्शाला दाद नाही आणि ठोके मंदावलेत, तर ती विषबाधा असू शकते. इन्स्टिट्यूशनल ॲनिमल एथिक्स कमिटीची परवानगी पेटीची ऑर्डर देण्याआधीच घ्या.

सध्याच्या रूपात पेटी पाचपैकी साडेतीन. ऑर्डर देताना स्थिर करंटचा ड्रायव्हर, ॲल्युमिनियमची पट्टी आणि सुटा पंखा लेखी मागितलात, तर चार.