अलार्म कशावर लावावा: ओशाच्या पीईएलवर की एसीजीआयएचच्या टीएलव्हीवर?

गॅस डिटेक्टरचे सेट पॉइंट, म्हणजे कितीवर अलार्म वाजावा ते आकडे, ठरवायला बसलं की गाडी इथेच अडते. पीईएल म्हणजे कामगाराच्या श्वासातल्या हवेत एखादा वायू किती चालेल याची कायदेशीर मर्यादा; ती ओशा ही अमेरिकेची सरकारी कामगार-सुरक्षा संस्था ठरवते, मोडली की दंड. टीएलव्ही ही तशाच मर्यादेची एसीजीआयएच या तज्ज्ञांच्या संस्थेची शिफारस. ती फक्त आरोग्य पाहून काढलेली असते. कारखान्याला ती जमेल का, परवडेल का, हा विचार त्यात नसतो. म्हणून टीएलव्हीला 'अवास्तव' म्हणणारेही भेटतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही.

पण पीईएल आहेत तरी कुठले? त्यातले बरेचसे 1971 मध्ये उचललेले 1968 चे टीएलव्हीच. 1989 मध्ये ओशाने शेकडो आकडे सुधारले, ते 1992 मध्ये कोर्टाने रद्द केले. टीएलव्ही मात्र बदलत राहिले. त्यामुळे अमोनिया आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्हींना आठ तासांच्या सरासरीचा पीईएल आजही 50 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 50), तर टीएलव्ही 25. एवढ्यावर मी कदाचित कुठलाही आकडा चालवून घेतला असता.

माझा कौल लागला तो हायड्रोजन सल्फाइडवर. इथे पीईएलमध्ये आठ तासांची सरासरीच नाही. कमाल पातळी 20 पीपीएम. वर 50 पर्यंतची सवलत, तीही 10 मिनिटं, एकदाच, आणि त्या शिफ्टमध्ये दुसरा मोजता येण्याजोगा संपर्क झाला नसेल तरच! हा हिशेब पंपाच्या खड्ड्याशी उभं राहून कोण ठेवणार? गाळणी उघडली की डिटेक्टर 0 वरून 4, मग 12, मग परत 3. ऑपरेटर विचारतो, "साहेब, बारा दाखवतोय, थांबू का?" पीईएल हातात धरून त्याला सरळ उत्तर देता येत नाही. त्याचे डोळे तर चुरचुरायला लागलेले असतात. टीएलव्हीचं उत्तर एका शब्दाचं: थांब. सरासरी 1, अल्पकालीन 5.

अडचण टीएलव्हीलाही आहे. 1 पीपीएमवर अलार्म लावला तर दमट हवेत सेन्सरचा शून्य जरा सरकला तरी तो कोकलतो, आणि सारखा कोकलणारा अलार्म लोक बंद करून ठेवतात. म्हणून मी पहिला अलार्म 5 वर, दुसरा नायॉश या अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेने सुचवलेल्या 10 च्या कमाल मर्यादेवर लावतो, आणि 1 ची सरासरी शिफ्ट संपल्यावर डेटालॉगमधून काढतो. मला तरी हे जमून गेलं आहे. तुमचे सेन्सर जुने असतील तर आधी ते बदलावे लागतील.

जिथे काम करता तिथला कायदा अर्थातच सुटत नाही; तो आकडा नोंदवहीत राहू द्या. अलार्मसाठी मात्र माझं मत टीएलव्हीला. आणि शिफ्ट 12 तासांची असेल तर ब्रीफ-स्काला सूत्राने (लांब शिफ्टसाठी मर्यादा कमी करण्याचं सूत्र) सरासरीचा आकडा निम्मा करून घ्या.