टेक्स्ट गेम (नुसत्या मजकुरावर चालणारा गेम) बनवायला कुठलं सॉफ्टवेअर, ट्वाइन घ्यावं की इन्फॉर्म ७?
नुसता निवडी करत पुढे जायचा टेक्स्ट गेम असेल तर डोळे झाकून ट्वाइन, २००९ पासून आहे, फुकट आहे, शब्द दुहेरी चौकोनी कंसात टाकला की लिंक तयार आणि पुढचा पॅसेज (मजकुराचा पुढचा तुकडा) पण आपोआप बनतो, शेवटी एक एचटीएमएल फाइल मिळते जी ब्राउझरमध्ये चालते. पण खेळणाऱ्याने पेटी उघडून आतला दिवा दुसऱ्या खोलीत नेला, असलं काही असेल तर व्हेरिएबल (कुठली वस्तू कुठे आहे याच्या नोंदी) सांभाळता सांभाळता डोक्याची मंडई होते. इन्फॉर्मला खोली, पेटी, अंधार हे आधीच कळतं, कोडी असतील तर मी तेच घेईन. कोड इंग्रजी वाक्यांसारखं दिसतं खरं, पण शब्द जरा इकडेतिकडे झाला की अडून बसतं (जाम वैताग!). आणि गेम इंग्रजीत नसेल तर इन्फॉर्मच्या पार्सरला (खेळणाऱ्याने टाइप केलेली आज्ञा समजून घेणाऱ्या भागाला) ती भाषा शिकवत बसा, ट्वाइनला काही फरक पडत नाही.