मॉडसिक्युरिटी सात महिने वापरल्यावर: बसवणं सोपं, निस्तरणं अवघड

लातूरच्या एका आडतीची साइट आहे: शेतकऱ्यांची नोंदणी, सातबाऱ्याचे फोटो, सोयाबीन-तुरीचे रोजचे भाव. सर्व्हर उबुंटू २२.०४, वर अपाचे हा वेब सर्व्हर, आणि त्याच्या दारात मॉडसिक्युरिटी (येणाऱ्या विनंत्या तपासणारी वेब फायरवॉल) व ओवास्प या सुरक्षा संस्थेचा कोअर रूल सेट, म्हणजे हल्ले ओळखणारा तयार नियमसंच.

बसवायला दहा मिनिटं पुरतात. अपाचेसाठीचं मॉड-सिक्युरिटी२ पॅकेज टाकलं की नियमसंच सोबतच येतो. फक्त सेटिंगच्या फाइलच्या नावामागे 'रेकमेंडेड' हे शेपूट असतं. ते काढलं नाही तर अपाचे ती फाइल वाचतच नाही. शिवाय इंजिन 'डिटेक्शन ओन्ली'वर असतं, म्हणजे नोंद होते, अडवणूक नाही. पुष्कळ जण इथंच थांबतात आणि निर्धास्त होतात. कोणत्या साध्या विनंत्या नियमांत अडकतात ते बघायला दोन-तीन आठवडे तसं ठेवा, पण आवकीचे दिवस त्यात येऊ द्या. मंदीतल्या लॉगवरून काही कळत नाही.

मग अडवणूक सुरू करा. विनंतीला गंभीर नियम लागला की संशयाचे ५ गुण, आणि ५ गुणांना विनंती अडते. लॉगमध्ये नियम क्रमांक ९४९११० दिसेल, पण तो फक्त गुणांची बेरीज बघून अडवणारा नियम आहे. त्याला बंद केलं तर सगळंच उघडं पडतं. गुण देणारा खरा नियम त्याच्या वरच्या ओळींत शोधा.

मराठी साइटवाल्यांनी पॅरानोइया पातळी (नियम किती कडक ते ठरवणारी) १ सोडू नये, फार तर २. पातळी ३ वरचा ९२०२७२ हा नियम आस्कीच्या ३२ ते १२६ (इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं) बाहेरचा बाइट चालू देत नाही, आणि देवनागरी अक्षराचे यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीतले तिन्ही बाइट १२७ च्या वरचे. गावाच्या रकान्यात 'औसा' लिहिलं की ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही'! हल्लेखोर मात्र इंग्रजीतच लिहितो.

बाकी अडचणी नेहमीच्या. एका फॉर्ममध्ये चार-पाच फोटो जोडले की साडेबारा एमबीची मर्यादा ओलांडून ४१३ ('विनंती फार मोठी') येतो. मर्यादा वाढवा, पण अपलोडच्याच पत्त्यापुरती. भाव बदलणारं ॲप 'पुट' ही विनंतीची पद्धत वापरत असेल तर नियम ९१११०० अडवतो. अपवाद लिहिताना जागा चुकते: विनंतीच्या वेळी चालणारे 'सीटीएल' अपवाद नियमसंचाच्या आधी, कायमचे 'रिमूव्ह बाय आयडी' नंतर. उलट केलं तर चूक दाखवली जात नाही, अपवाद नुसता लागू होत नाही. आणि अख्खा नियम काढू नका, त्या एका रकान्यापुरता काढा.

ऑडिट लॉगकडे कुणी बघत नाही. अडलेल्या फॉर्मचा मजकूर, आधार क्रमांकासकट, त्यात उघडा पडतो. 'ऑडिट लॉग पार्ट्स' या सेटिंगमधून सी आणि आय (फॉर्मचा मजकूर नोंदवणारे भाग) काढा.

पॅकेजमधले नियम ३.३ मालिकेतले आहेत. ४ हवी असेल तर आधी जुन्या नियमांची फाइल जोडणारी 'इन्क्लूड' ओळ काढा. नाहीतर एकाच क्रमांकाचे दोन नियम सापडून अपाचे उठतच नाही. रीस्टार्टआधी कॉन्फिगटेस्ट (सेटिंगमधल्या चुका दाखवणारी तपासणी) चालवा, तेही बाजार बंद झाल्यावर.