कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा वापर

गेल्या दिवाळीपासून हा कॅमेरा जवळजवळ रोज माझ्या खांद्याला आहे. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांबद्दल बोलताना लोक आधी भिंगाबद्दल बोलतात, नाहीतर फिल्मच्या रंगांबद्दल. मला कॅनोनेट आवडला तो त्याच्या व्ह्यूफाइंडरमुळे. बाकीच्या गोष्टी चांगल्या आहेत, काही त्रासदायकही आहेत, पण डोळा लावल्यावर जे दिसतं त्यानं माझी फोटो काढायची पद्धतच बदलली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅननने पहिला कॅनोनेट १९६१ मध्ये आणला. माझ्याकडचं जी-थ्री मॉडेल १९७२ चं. ४० मिमी एफ १.७ चं भिंग कायमचं बसवलेलं, बदलता येत नाही. शटर भिंगातच, पात्यांचं. वेग १/४ सेकंदापासून १/५०० पर्यंत आणि बल्ब, म्हणजे बटण दाबून धरलं तोवर शटर उघडं. वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास. आपण शटरचा वेग ठरवायचा, अ‍ॅपर्चर (भिंगातून उजेड आत सोडणारं भोक; एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं) कॅमेरा ठरवतो. हा नग मला मुंबईत बोरा बाजारातून मिळाला. तिथल्याच एका जुन्या कारागिराने मागच्या झाकणाचा वितळून चिकट झालेला फोम काढून नवा लावला, शटरच्या पात्यांवरचं तेल पुसलं आणि रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजून फोकस लावायची यंत्रणा, जुळवून दिला. ते काम झालं नसतं तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

आता व्ह्यूफाइंडर. एसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, आपण भिंगातूनच बघतो. भिंग दाखवील तेवढंच दिसतं, आणि अ‍ॅपर्चर मोठं असेल तर मागचं सगळं आधीच पुसट झालेलं असतं. कॅनोनेटसारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात भिंग वेगळं आणि बघायची खिडकी वेगळी. खिडकीत हाताशी असलेल्या माणसापासून पलीकडच्या काठावरच्या देवळापर्यंत सगळं स्वच्छ दिसतं. त्या दृश्यावर एक उजळ चौकट असते. फोटोत येणार ते तिच्या आत. फोकस जवळ आणला की ती चौकटही सरकते, म्हणजे खिडकी आणि भिंग यांच्यातला फरक ती भरून काढते. आणि चौकटीच्या बाहेरही थोडी जागा दिसत राहते.

त्या थोड्या जागेची किंमत मला गंगेवर कळली. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, मीही तेच लिहितो.) उन्हाळ्यात रामकुंडाच्या पुढे पोरं कठड्यावरून पाण्यात उड्या मारतात. चौकटीत मी कठडा, पाणी आणि पायरीवर धुणं धुणारी बाई धरून थांबलो होतो. चौकटीच्या बाहेर, डाव्या कडेला, पळत येणारा पोरगा आधी दिसला. त्याचा पाय कठड्यावर पडायच्या आत बोट बटणावर तयार होतं. एसएलआरवर तो आत शिरल्यावरच दिसला असता, आणि त्यात आरसा वर गेल्यामुळे नेमक्या उडीच्या क्षणी डोळ्यासमोर अंधार झाला असता. इथे आरसा नाहीच. फोटो निघत असतानाही समोरचं दिसत राहतं. आमच्या आईला फोटोत डोळे मिटायची सवय आहे. पूर्वी ते रोल धुऊन आल्यावर कळायचं. आता त्याच क्षणी दिसतं आणि "आई, परत एकदा" म्हणता येतं.

फोकसची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण नवीन माणूस इथेच अडतो. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एक पिवळसर ठिपका असतो. त्यात दुसऱ्या छोट्या खिडकीतून आलेली प्रतिमा पडते. भिंगाखालची दांडी फिरवली की ती आडवी सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या की फोकस झाला. प्रतिमा आडवी सरकत असल्यामुळे जुळवायला उभी रेघ लागते. माणूस समोर असेल तर चष्म्याची कडा, नाकाची रेघ, पदराचा काठ, टोपीची बाजू, काहीही चालतं. घाटावर मात्र सगळ्या रेघा आडव्या. पायऱ्याच पायऱ्या! त्यांच्यावर ठिपका कितीही फिरवा, जुळलं की नाही ते कळतच नाही. तिथे कॅमेरा थोडा तिरका करायचा, पायरीवर जुळवायचं आणि मग सरळ करून फोटो घ्यायचा. काही दिवसांत हात हे आपोआप करायला लागतो. लोखंडी गजांच्या बाबतीत उलटी अडचण. एक गज शेजारच्या गजावर अगदी नीट बसतो आणि डोळ्याला फोकस झाल्यासारखा वाटतो.

भांडी बाजारात आणखी एक गोष्ट लक्षात आली. तांब्याच्या हंड्यावर दिव्याची जी चमक दिसते ती हंड्याच्या पत्र्यावर नसते, ते हंड्यात पडलेलं प्रतिबिंब असतं आणि त्याचं अंतर वेगळं. ठिपका त्या चमकेवर जुळवला तर हंडा धूसर येतो. हंड्याच्या काठावर जुळवायचं. एफ १.७ वर आणि या भिंगाच्या सर्वांत जवळच्या, म्हणजे ०.८ मीटर अंतरावर, स्पष्ट येणारी जागा जेमतेम चार सेंटिमीटर असते. तिथे काठ आणि चमक यांच्यातला फरक लगेच दिसतो.

ठिपका वयोमानाने फिकट होतो हे खरं आहे. माझ्या नगात संध्याकाळी तो दिसेनासा व्हायचा. पुढच्या मोठ्या खिडकीच्या मध्यावर काळ्या टेपचा अगदी छोटा तुकडा लावला, तेव्हा ठिपक्याची प्रतिमा उठून दिसायला लागली. चष्मा लावणाऱ्यांना चौकटीचे चारही कोपरे एकदम दिसायला त्रास होतो. मी चष्मेवाला आहे, म्हणून सांगतो. कोपरे बघायला डोळा किंचित हलवावा लागतो.

पण बुधवारच्या बाजारात मी ठिपका बघतच नाही. ऊन असलं की २०० ची फिल्म (आकडा जेवढा मोठा तेवढा तिला उजेड कमी पुरतो), १/५०० आणि एफ ८ च्या आसपास, अंतर तीन मीटरवर लावून ठेवलेलं. ४० मिमीच्या भिंगाला एवढ्यात साधारण दोन मीटरपासून साडेपाच मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. भाजीच्या दोन ओळींमधून चालताना माणसं याच अंतरात असतात. दांडीची जागा बोटाला पाठ झाली आहे. कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच अंतर लागलेलं असतं. ऑटोफोकसचा कॅमेरा माझ्याकडे आहे, चांगला आहे, पण अशा गर्दीत तो कुणाच्या तरी पाठीवर जाऊन अडकतो.

शटरचा आवाज म्हणाल तर बारीकसा टिक. पंचवटीत एका कीर्तनात पुढच्या रांगेत बसून फोटो काढले, बुवांचं सोडा, शेजारच्या आजोबांनीही मान वळवली नाही. बाजारात मात्र कॅमेऱ्याच्या रूपामुळेच लोक बोलायला लागतात. मेथीच्या जुड्या लावणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "काय रे दादा, रिळाचा हाये का? आमच्या लग्नात व्हता असा." मग स्वतःच पदर सावरून बसल्या. मागे पडदा नसल्यामुळे "दाखव ना" म्हणणाऱ्या पोरांना तिथल्या तिथे काही दाखवता येत नाही. त्यामुळे मी प्रिंट करून नेऊन द्यायला लागलो, आणि आता त्या ओळीत मला कुणी परका समजत नाही.

उजेड मोजणारा मीटर आणि त्याचा सेल हा या कॅमेऱ्याचा कमकुवत भाग. मूळचा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही. त्याच मापाचा अल्कलाइन सेल मिळतो, पण तो १.५ व्होल्टचा. मीटरला उजेड जास्त वाटतो आणि निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकट येतात. शिवाय वापराबरोबर त्याचा दाबही उतरत जातो. मी कर्णयंत्राचा ६७५ नंबरचा सेल वापरतो, १.४ व्होल्टचा. तो आकाराने लहान, म्हणून भोवती रबराची रिंग बसवली की झालं. हा सेल हवेवर चालतो, त्यामुळे त्याच्यावरचा स्टिकर एकदा काढला की वापरा अगर न वापरा, एक-दोन महिन्यांत संपतोच. पण स्वस्त आहे आणि दाब शेवटपर्यंत स्थिर राहतो. सेल संपला तरी कॅमेरा बंद पडत नाही. शटर पूर्ण यांत्रिक आहे, अ‍ॅपर्चर हाताने लावायचं. फक्त हाताने लावल्यावर मीटर काहीच सांगत नाही, ही कॅननची काटकसर मला अजून पटलेली नाही. काटा निदान उजेड दाखवत राहिला असता तर बरं झालं असतं.

एक गोष्ट मात्र फार विचाराने केली आहे. मीटरचा डोळा भिंगाच्या कड्यातच आहे. फिल्टर लावला तर तो मीटरच्याही पुढे येतो, वेगळा हिशेब करावा लागत नाही. आणि ऑटोवर उजेड मर्यादेबाहेर असेल तर बटण दाबलंच जात नाही. रेंजफाइंडरमध्ये भिंगावर टोपण राहिलं तरी खिडकीतून सगळं छान दिसत असतं, त्यामुळे कोरे फोटो जायचा धोका नेहमीचा. इथे टोपणाने मीटरही झाकला जातो आणि बटण अडतं.

उन्हाळ्यात ४०० ची फिल्म घालू नका. एप्रिलच्या दुपारी १/५०० लाही एफ १६ लागतं आणि त्यापलीकडे या भिंगात काही नाही. म्हणजे सगळे फोटो एकाच अ‍ॅपर्चरवर. उन्हाळ्यात १०० किंवा २००, पावसाळ्यात ४०० हे मी ठरवून टाकलं आहे. मीटर ८०० पर्यंत जातो, भांडी बाजारात दिवे लागल्यावर मी एचपी५ ही कृष्णधवल फिल्म त्यावरच वापरतो, १/३० आणि भिंग पूर्ण उघडं. एवढ्या उघड्यावर कोपरे मऊ येतात, एफ ४ पासून पुढे भिंग अगदी स्पष्ट टिपतं. समोर सूर्य असेल तर फोटोवर पांढरट पडदा येतो. हुड (भिंगापुढे ऊन अडवणारं कडं) लावला तर तो खिडकीच्या कोपऱ्यात येतो, म्हणून मी डाव्या हाताची सावली धरतो.

या पावसाळ्यात गंगेला पाणी चढलं तेव्हा सगळं नाशिक दुतोंड्या मारुतीच्या (नदीतली ही मूर्ती म्हणजे नाशिककरांची पुराची खूण) कुठपर्यंत पाणी आलं ते बघायला लोटलं होतं. छत्रीखाली उभा राहून मी तिथे निम्मा रोल संपवला. एक फोटो दाखवण्यासारखा आहे. पुढे भिजलेल्या पाठी आणि छत्र्या, एक बाप पोराला खांद्यावर घेऊन उभा, पोराचं बोट समोर, आणि लांब गढूळ पाण्यात मारुती. एसएलआर असता तर मी बहुधा पोराच्या बोटावर फोकस करून मारुतीला पुसून टाकलं असतं, कारण व्ह्यूफाइंडरमध्ये ते देखणं दिसतं. इथे मला मारुती स्पष्ट दिसत होता, म्हणून तो फोटोत स्पष्ट हवा असंच वाटलं. गेल्या कित्येक महिन्यांच्या निगेटिव्ह समोर ठेवल्या की हेच दिसतं. चेहऱ्यामागचा धूर गेला, माणूस कुठे उभा आहे ते यायला लागलं.

पावसानंतर कॅमेरा पुसून सिलिका जेल घातलेल्या डब्यात ठेवायचा, यात आळस नको. भिंगाला बुरशी धरली की काढणं कठीण.

खर्चाचं स्पष्टच सांगतो. रंगीत रोल, तो धुणं आणि स्कॅनिंग धरलं की ३६ फोटोंना हजाराच्या पुढेच जातात. पूर्वी ऊटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्समध्ये बनणारा 'इंदू' हा कृष्णधवल रोल आपल्याकडे कुठल्याही स्टुडिओत मिळायचा. आता सगळा माल बाहेरूनच येतो. म्हणून मी कृष्णधवल जास्त वापरतो आणि घरी धुतो. डेव्हलपर २० अंशांवर हवा, आणि मे महिन्यात आमच्या नळाचं पाणी त्याहून बरंच गरम असतं, तेव्हा बादलीत बर्फ टाकून त्यात बाटल्या ठेवतो.

पक्षी, फुलं, कीटक, लांबचे खेळ यांसाठी हा कॅमेरा घेऊ नका, त्यात त्याचा काही उपयोग नाही. दोन-तीन मीटरवरची माणसं आणि त्यांच्याभोवतीचं गाव टिपायचं असेल तर जरूर घ्या. घेताना मागचं झाकण उघडून शटर १/४ वर चालवून बघा. पाती झटकन मिटली पाहिजेत, रेंगाळली तर तेल आलेलं आहे. मग लांबच्या खांबावर दांडी अनंतावर नेऊन ठिपका बघा. प्रतिमा वर-खाली सरकलेली असेल तर जुळवायला कारागीर लागेल, त्याचे पैसे किमतीतून कमी करून मागा. फोम चिकट झाला असेल तर त्यासाठी कॅमेरा सोडू नका, ते काम सोपं आहे. सेलची जागा मात्र नखाने खरवडून बघा. आत हिरवा गंज असेल तर मीटर मेलेला असण्याची शक्यता मोठी, आणि तशा नगासाठी मी निम्मे पैसेही देणार नाही.