हायड्रोजेल की पाचटाचं आच्छादन?

कोरडवाहू रानात ओल टिकवायचे हे दोन उपाय, पण दोन्हींची कामाची जागा वेगळी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुसा हायड्रोजेल, म्हणजे पाणी शोषून फुगणारा दाणेदार पदार्थ, मुळांपाशी राहतं. स्वतःच्या वजनाच्या किमान ३५० पट शुद्ध पाणी धरतं आणि भोवतालची माती सुकू लागली की मुळांना देतं. एकरी १ ते २ किलो, कोरड्या बारीक मातीत मिसळून पेरणीच्या ओळीत द्यायचं. वरून नुसतं फेकलं तर पैसे वाया. विहिरीचं पाणी खारट असेल तर हायड्रोजेल बरंच कमी फुगतं, म्हणून आधी पाणी तपासाच. आणि पाऊस किंवा ओलित मुळीच नसेल, तर ते धरणार काय?

आच्छादन ऊन-वारा अडवून बाष्पीभवन रोखतं, तण दाबतं, कुजल्यावर सेंद्रिय कर्ब वाढवतं. पाचट, भुसकट, घरचं असेल ते चालतं. दुष्काळात मात्र वैरणच पुरत नाही, तिथे रानात काय पसरणार!

माझं मत स्पष्ट आहे: भारी काळ्या जमिनीत ओल मुळातच टिकते, तिथे आधी आच्छादन. हायड्रोजेलवरचा खर्च हलक्या मुरमाड रानातल्या भाजीपाल्यावर किंवा नव्या फळबागेच्या खड्ड्यांत करावा, आणि त्यावरही पाचट अंथरावंच.